वळवात नाल्याकाठी अडकलो, गाडी फरशीवर घालू दिली नाही. माझं चुकलं का?

अनगोळची सून

नमस्कार. दोन आठवडे झाले तरी ती रात्र डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय. इथं बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडची मंडळी बरीच आहेत, त्यांना त्या भागातलं पाणी माहीत असतं. मला बरं वाटावं म्हणून उत्तर देऊ नका, जे खरं असेल ते सांगा.

मे महिन्यातला शनिवार. शाळा उघडायच्या आधी एक रात्र तंबूत राहायचं, असं मुलांना मार्चपासून कबूल केलं होतं. आम्ही आठ जण: सासूबाई (वय 68), थोरले भाऊजी, अक्का म्हणजे माझ्या जाऊबाई, त्यांचा नववीतला मुलगा, आमचे हे, मी, माझी 11 वर्षांची मुलगी आणि 6 वर्षांचा मुलगा. सात जण बसतात त्या गाडीत आठ कोंबलो. पिरनवाडी, किणये, कुसमळी करत तासाभरात जांबोटी. तिथून पुढं भाऊजींच्या ओळखीच्या शेतकऱ्याची काजूची बाग आहे. जागा अभयारण्यात येत नाही, मालकीची आहे, आणि मालकाला विचारूनच गेलो होतो. बागेत वर चढावर दगडी भिंतीची एक खोपी आहे, तिची किल्लीही त्यांनी दिली होती.

बागेत जायला एक नाला ओलांडावा लागतो. त्यावर पूल नाही, फरशी आहे. खाली सिमेंटचे नळे, वर काँक्रीट, कडेला चुना लावलेले दगड. दुपारी नाल्यात पाणी म्हणजे नुसती ओल. माझा मुलगा त्यातल्या एका दगडावर चढून बसला होता आणि त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. हे मुद्दाम सांगतेय, पुढं कामाला येईल.

तंबू कुठं लावायचे ते मी ठरवलं. नाल्याकाठी वाळूची सपाट जागा होती, मऊ, मुलांना झोपायला बरी. भाऊजी म्हणाले होते, वर खोपीजवळ लावू. वर खडी टोचेल, असं मीच म्हटलं. दोन तंबू उभे केले, गाडी जवळच्या मोठ्या जांभळाच्या सावलीत लावली. मुलांनी करवंदं खाऊन हात काळे केले. अक्कांनी चिरमुरे कालवले. रात्रीसाठी भाकरी, शेंगाचटणी आणि वांगं घरूनच आणलं होतं.

साडेपाचला वारा एकदम पडला. पान हलेना. आमच्या सगळ्यांचं लक्ष घाटाकडं, कणकुंबीच्या बाजूला. तिकडं आभाळ मोकळं होतं, म्हणून निर्धास्त होतो. पाठीमागं, बेळगावच्या बाजूला काय भरून आलंय ते झाडांमुळं दिसलंच नाही. सहाच्या सुमारास अंगावर काटा येईल असा गार वारा आला. मुलं नाचायला लागली. दहा मिनिटं झाली नसतील, गारा सुरू झाल्या. लहान तंबूची काडी मोडून कापडातून बाहेर आली. आम्ही सासूबाईंना धरून, पोरांच्या डोक्यावर भांडी उपडी धरून गाडीत शिरलो. भाकऱ्या, अंथरुणं, सगळं तिथंच राहिलं.

मग विजा. माझ्या मुलीला वीज दिसल्यापासून गडगडेपर्यंत आकडे मोजायची सवय आहे, शाळेत शिकवलंय. ती मोठ्यानं मोजत होती. सात. पाच. चार. एकदा "एक, दोन" म्हणाली आणि तीन म्हणता आलं नाही. त्यानंतर तिनं मोजणं सोडलं आणि माझ्या कुशीत तोंड खुपसलं.

पावणेआठला पाऊस बारीक झाला. भाऊजींनी गाडी चालू केली, फरशीपर्यंत नेली. दिव्याच्या उजेडात नुसतं तांबडं पाणी दिसत होतं. मी बॅटरी घेऊन खाली उतरले. लांबवर अजून गडगडत होतं, मी मनात नऊ-दहा मोजले. दुपारचा तो दगड शोधत होते. तो दिसेना. पाण्याला तिथं फक्त एक वळी पडत होती, तेवढ्यावरून कळलं की दगड खाली आहे.

भाऊजी म्हणाले, "पाणी काय एवढं न्हाई, गाडी उंच हाय. आई कुडकुडूलीय, बघूलीस न्हवं?" सासूबाई खरंच भिजल्या होत्या, ओठ थरथरत होते आणि त्यांची रात्रीची बीपीची गोळी घरी राहिली होती. भाऊजींच्या बोलण्यात हट्ट नव्हता, आईची काळजी होती. हे मी तेव्हाही ओळखलं होतं. हे गप्प होते. मी खिडकीतून हात घालून किल्ली काढली. म्हटलं, "भाऊजी, आज गाडी जायची नाही."

लग्नाला चौदा वर्षं झाली, त्यांना उलट बोलायची माझी ही पहिली वेळ. तीही पोरांसमोर.

गाडी हातानं ढकलत मागं घेतली, पुन्हा जांभळाखाली. सासूबाईंचं लुगडं बदललं, अक्कांचा कोरडा पंजाबी ड्रेस घातला, मुलांना दोन्ही बाजूंनी चिकटून बसवलं. ऊब राहावी म्हणून थोडा वेळ इंजिन चालू ठेवलं. साडेअकराला दगडाचं डोकं वर आलं. बाराला अर्धा दगड दिसला. साडेबाराला पूर्ण दगड आणि फरशीचं काँक्रीट दिसायला लागलं, तेव्हा हे चालत पलीकडं जाऊन आले आणि मग गाडी काढली. घरी पोचायला दोन वाजले. सासूबाईंना दोन दिवस ताप होता, आता बऱ्या आहेत.

भाऊजी माझ्याशी कामापुरतं बोलतात. त्यांचं म्हणणं एवढंच की, दहा मिनिटांत पार झालो असतो आणि आईला ताप आला नसता. ते पाणी पार करता आलं असतं का? आणि मुलगी आता आभाळ भरलं की खिडक्या लावून घेते, तिचं काय करू?

---

कुरीवाला

ताई, मी खानापूर तालुक्यातला, भात-काजूवाला. मला जे म्हाईत हाय ते सांगतो.

फरशीवर गाडी घातली न्हाई हे शंभर टक्के बरोबर केलासा. का ते ऐका. मे महिन्यात आमच्याकडं जमीन भाजून दगड झालेली असत्या. जांभ्याची जमीन, वरचा थर कडक. पहिला वळीव मुरत न्हाई, सगळा वाहून नाल्यात येतोय. येताना चार महिन्यांचा पालापाचोळा, वाळकी लाकडं, काजूच्या छाटलेल्या फांद्या घेऊन येतोय. ते सगळं फरशीच्या नळ्यात जाऊन बसतंय. नळे तुंबले की पाणी वरनं जातंय. जुलैत तेवढाच पाऊस पडला तर फरशी दिसत असत्या, कारण तोवर नळे धुऊन निघालेले असतात. म्हणून वर्षातलं पहिलं पाणी वाईट. आणि वरनं जाणारं पाणी फरशीच्या खालची माती काढतंय. काँक्रीट तिथंच दिसतंय, खाली पोकळ झालेलं असतंय. रात्री बॅटरीनं कुणाला दिसणार?

दुसरं, तुमच्यावरचा पाऊस बारीक झाला म्हणजे नाला उतरला असं न्हवं. वरच्या डोंगरात पडलेलं पाणी तासा-दोन तासांनी तुमच्यापाशी येतंय. पावणेआठला तुम्ही बघितलासा ते कदाचित चढतं पाणी होतं.

तिसरं, घाटाकडं बघत बसलासा. सगळेच बघतात. पावसाळा घाटाकडनं येतोय, म्हणून आमची नजर तिकडं. वळीव बहुतेक वेळा उगवतीकडनं येतोय. आमचा म्हातारा मे महिन्यात संध्याकाळी खळ्यात उभा राहून पूर्वेकडं तोंड करायचा. रोहिणी नक्षत्रात धूळवाफ, म्हंजे कोरड्या मातीत, पेरणी करायची का न्हाई, ते तो त्यावरच ठरवायचा.

आता जे चुकलं ते सांगतो, तुम्हीच खरं सांगा म्हटलासा. वाळूत तंबू लावलासा. ताई, नाल्याकाठी जिथं वाळू हाय ती जागा पाण्याची. दरवर्षी पाणी तिथं येतंय म्हणून तर तिथं वाळू हाय. हब्बनहट्टीचा मारुती बघितलासा का? मलप्रभेत हाय, पावसाळ्यात देऊळ पाण्याखाली जातंय, लोक काठावरनं हात जोडतात. देवाची ही गत, तिथं आपला तंबू काय? तुमचे दीर वर लावू म्हणत होते, ते बरोबर होते. हे त्यांना सांगा.

---

पीयूसी फिजिक्स

कुरीवाले काकांनी पाण्याचं सगळं सांगितलं. मी कॉलेजात शिकवतो आणि सुट्टीत मुलांना घेऊन वैजनाथ, राजहंसगड, तिलारी असा भटकतो, त्यामुळं विजेबद्दल लिहितो.

आधी पाण्याचा एक आकडा. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडी सरकू शकते, दोन फुटांत मोठ्या गाड्याही तरंगतात. तुमच्या मुलाचे पाय टेकत नव्हते म्हणजे तो दगड दीड फुटाच्या आसपास असणार, आणि तो पूर्ण बुडाला होता. त्यात आठ माणसं बसली होती म्हणून गाडी जड होती, असं कुणी म्हणेल. पण पाणी गाडीला खालून उचलतं आणि बाजूनं ढकलतं, चाकाची पकड सुटायला सगळं वजन नाहीसं व्हावं लागत नाही. चालकाला ते कळेपर्यंत मागचं चाक कडेवरून उतरलेलं असतं.

विजेचं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. तुमच्या मुलीला तीन म्हणता आलं नाही तेव्हा वीज एक किलोमीटरच्या आत पडली होती. त्या वेळी तुम्ही बंद गाडीत होता, ही सगळ्यात चांगली गोष्ट. रबरी टायरमुळं वाचतो असं लोक समजतात, तसं नाही. पत्र्याची टप आणि बाजू वीज बाहेरून जमिनीत नेतात, म्हणून आतला माणूस वाचतो. काचा वर आणि दाराच्या धातूला हात न लावता बसायचं. तंबूच्या काड्या फायबरच्या असोत की ॲल्युमिनियमच्या, विजेपासून तंबू काहीही आडोसा देत नाही.

दोन चुका मात्र सांगतो. पावणेआठला नऊ-दहा मोजून तुम्ही उतरलात. ते अंतर तीनच किलोमीटर होतं. गडगडाट ऐकू येतोय तोवर आपण विजेच्या टप्प्यात असतो. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मग उतरायचं. दुसरी, गाडी जांभळाखाली होती. आत वीज लागली नसती, पण वळवाच्या वाऱ्यात फांदी टपावर पडते आणि काच फुटते. मोकळ्यावर, नाल्यापासून उंच जागी हवी होती.

इंजिनबद्दलही लिहितो, कारण हे कुणी बोलत नाही. ऊब यावी म्हणून काचा लावून गाडी चालू ठेवायची असेल तर आधी उतरून मागची धुराची नळी बघावी. चिखलात किंवा पाण्यात ती बुजली तर धूर आत येतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईड वायूला वास नसतो, माणसं झोपेतच जातात. थोडा वेळ चालवून बंद केलीत ते बरं झालं.

तो गार वारा म्हणजे ढगाचा निरोप असतो. ढगात पाऊस आणि गारा पडायला लागल्या की थंड झालेली जड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडं पसरते. ती पावसाच्या पुढं धावते. मे महिन्यात उकाड्यात एकदम गार झुळूक आली की सामान सोडून माणसं आत घ्यायची, तेवढीच दहा मिनिटं हातात असतात.

मोबाईलवर पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ठेवा, आपल्या भोवतीच्या 20 ते 40 किलोमीटरमधल्या विजा दाखवतं. कर्नाटक सरकारचं 'सिडिलु' पण आहे. कन्नडमध्ये सिडिलु म्हणजे कोसळणारी वीज. जांबोटीच्या पुढं रेंज जाते-येते, म्हणून रस्त्यावर असतानाच बघून ठेवावं.

---

टिळकवाडीतून

मी थोडं वेगळं लिहिते. नाला ओलांडला नाही हे बरोबरच. पण भिजलेली 68 वर्षांची बाई गाडीत पाच तास बसली, हेही लहान नाही. माझ्या आईला असंच भिजून न्यूमोनिया झाला होता, त्यामुळं तुमच्या दिरांची तगमग मला कळते. खोपीची किल्ली तुमच्याजवळ होती ना? विजा थांबल्यावर सासूबाईंना वर खोपीत का नेलं नाही? तिथं चूल असती, चार भिंती असत्या. दोनच पर्याय आहेत असं धरून तुम्ही दोघं भांडलात, तिसरा खिशात होता. रागावू नका.

---

दोन मुलींची आई, शहापूर

मुलीबद्दल सांगते. माझी धाकटी अशीच विजेला घाबरायची. "काही नाही होत" असं म्हणत राहिलो तर तिला वाटायचं की आम्हाला दिसतच नाहीये. मग आम्ही घरातच पडवीत बसून एकत्र मोजायला लागलो, वहीत वेळ आणि आकडे लिहायचे. आकडा वाढत गेला की वीज लांब चाललीय हे तिला स्वतःला कळायचं. तुमच्या मुलीला मोजता येतंच, ती दोनवर थांबली म्हणून तिच्या मनात वीज अजून दोनवरच आहे. तिला पुढचे आकडे मोजू द्या. जबरदस्ती नको, आधी खिडकी लावूनच. आपल्याकडं जूनमध्ये भरपूर संधी मिळेल.

---

कुरीवाला

टिळकवाडीच्या बाईंनी बरोबर सांगितलं, खोपी माझ्याही ध्यानात आली न्हाई. आमच्याकडं खोपीत जळण कोरडं ठेवतात, काडीपेटी पण कौलाखाली खोचलेली असत्या. फक्त अंधारात आत शिरताना आधी काठी आपटायची. पाऊस पडला की साप कोरड्याला येतोय.

---

अनगोळची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. कामावरून आल्यावर सगळं दोनदा वाचलं.

खोपीचं वाचून हातपाय गळाले. किल्ली माझ्याच पर्समध्ये होती, पहाटे घरी पोचल्यावर हाताला लागली. गाडीत पाच तास मी फक्त नाल्याकडं बघत होते. सासूबाई एकदा म्हणाल्यासुद्धा, "वर घर हाय की गं," आणि मला वाटलं त्या तापात आपल्या अनगोळच्या घराबद्दल बोलतायत. टिळकवाडीच्या ताई, रागावले नाही. हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

रात्री जेवणं झाल्यावर भाऊजींना म्हटलं, जरा हे बघता का. त्यांनी चष्मा लावून कुरीवाल्या काकांचं उत्तर सावकाश वाचलं. नळ्यांच्या भागापाशी थांबले. "व्हय, पाला लई होता," एवढं म्हणाले. मी म्हटलं, तंबूची जागा तुमचीच बरोबर होती, मी ऐकलं नाही, आणि खोपीचंही माझ्या लक्षात आलं नाही. ते म्हणाले, "किल्ली माझ्याकडं असती तर मी बी विसरलो असतो." मग उठून सासूबाईंना गोळी दिली का ते बघायला गेले. अजून पहिल्यासारखं झालेलं नाही, पण सकाळी चहा मागताना त्यांनी मला नावानं हाक मारली.

काल संध्याकाळी इथं अनगोळला गडगडलं. मुलीनं खिडकी लावली, मग काचेला नाक लावून उभी राहिली. अकरापर्यंत मोजलं. मी वही काढली तर म्हणाली, आज नको, उद्या.

रविवारी दिवसाउजेडी आम्ही दोघं आणि भाऊजी जांबोटीला जाणार आहोत. मोडलेला तंबू आणि भांडी अजून मालकाच्या पडवीत आहेत, किल्लीही परत द्यायची आहे. त्यांना विचारून जमलं तर त्या फरशीच्या नळ्यांतला पाला काढून येऊ, भाऊजींनी त्यासाठी खोरं आणि लांब आकडी गाडीत टाकून ठेवलीय. कुरीवाले काका, नळा आतून बुजला असेल तर तो पाणी येतं त्या वरच्या बाजूनं मोकळा करायचा की खालच्या? आणि आत हात घालण्याआधी तिथंही काठी आपटायची ना?